पट्ट्यापट्ट्यांचं विमान

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला असला तरी आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममधला टीव्ही अजून जिवंत आहे. मॅच नसेल त्या रात्री जेवणानंतर त्यावर हमखास प्राण्यांचं चॅनेल लागतं. नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपावर मगर झेपावते आणि इकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या सुरू होतात. (विल्डबीस्ट म्हणजे म्हशीसारखं तोंड, घोड्यासारखी शेपटी आणि बोकडाची दाढी. देवाने उरलेल्या सुट्या भागांतून बनवलेला प्राणी, असं आमच्या रूममेटचं मत!)

मी सिरसाळ्याचा, तालुका परळी. आमच्याकडे हरभऱ्याला घाटे धरले की रात्री राखणीला जावं लागतं. हरणांचा कळप एका रात्रीत पीक लोळवतो आणि उरलेलं रानडुकरं उकरून ठेवतात. त्यामुळे टीव्हीवर जंगली प्राण्यांचं कौतुक चाललं की माझ्या मनात एकाच वेळी दोन आवाज उठतात, एक कॉमन रूममधला आणि एक शेतातला. ज्या माणसाबद्दल मी लिहितोय, त्याने आयुष्यभर यातला एकच आवाज ऐकला आणि त्यासाठी स्वतःचा मुलगा गमावला. त्याचं नाव बर्नहार्ड ग्झिमेक. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण आपण आज जे आफ्रिकेचे प्राणी पडद्यावर पाहतो त्यामागे या माणसाचा फार मोठा हात आहे.

ग्झिमेक यांचा जन्म २४ एप्रिल १९०९ चा. गाव नाइस, तेव्हा जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील वकील होते, पण मुलगा लहान असतानाच वारले. शिक्षण पशुवैद्यकाचं, आधी लाइपझिगला आणि मग बर्लिनला. पुढे आफ्रिकेचे सिंह आणि हत्ती जगाला दाखवणारा हा माणूस सुरुवातीला सरकारी खात्यात कोंबड्यांचे रोग आणि अंडी यांवर काम करत होता. तेव्हा ज्यांना कोअर कंपनी मिळाली नाही त्यांनी फार नाराज होऊ नये. असो.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात पशुवैद्य होते. तिथेही घोड्यांवर त्यांचे बारीकसारीक प्रयोग चालत. या काळाचा हिशोब मात्र सरळ नाही. बर्लिनमध्ये लपून बसलेल्या ज्यू लोकांना त्यांनी अन्न पुरवलं आणि त्यावरून १९४५ च्या सुरुवातीला गेस्टापोने त्यांच्या घरावर छापा घातला. दुसरीकडे, नाझी पक्षाचे सदस्य असल्याच्या आरोपावरून १९४७ च्या अखेरीस अमेरिकन प्रशासनाने त्यांना पदावरून दूर केलं. आपण सदस्य नव्हतो असं त्यांनी सांगितलं आणि मार्च १९४८ मध्ये ते पुन्हा कामावर आले. पुढे जुनी कागदपत्रं बाहेर आली तेव्हा सदस्यत्वाची नोंद सापडली. मोठ्या माणसांच्या चरित्रातली अशी पानं आपण पटकन उलटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ते पद होतं फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाच्या संचालकाचं. १ मे १९४५ रोजी त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी सगळं उद्ध्वस्त झालेलं होतं. जेमतेम वीसेक प्राणी उरले होते आणि संग्रहालय बंद करून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. माणसांनाच खायला नव्हतं तिथे हत्तीला कोण विचारतो? ग्झिमेक यांनी बॉम्बचे खड्डे बुजवले, तात्पुरती डागडुजी केली आणि १ जुलैला दरवाजे उघडलेसुद्धा. पैशांसाठी आवारात नाच, नाटकं, सर्कस, जत्रेसारखे खेळ असं सगळं भरवलं. आपल्याकडे गॅदरिंगला स्टॉल लावून निधी जमवतात ना, तसंच काहीसं. जनावरं नसली तरी लोक तिकीट काढून येऊ लागले. लोकांना आधी दारापर्यंत आणायचं आणि मग आपल्याला हवं ते दाखवायचं, ही युक्ती त्यांना इथेच सापडली असावी.

१९५१ मध्ये ते पहिल्यांदा आफ्रिकेत गेले, आयव्हरी कोस्टला. नंतर काँगोला. सोबत धाकटा मुलगा मायकेल असे. त्याचा जन्म १९३४ चा. बापलेकांचं नातं एव्हाना दोस्तीचं झालं होतं. आफ्रिकेत लोकसंख्या वाढते आहे, शेती पसरते आहे, शिकारी बंदुका घेऊन फिरताहेत आणि प्राण्यांना जागा उरत नाही, हे त्यांना दिसलं. त्यावर ग्झिमेक यांनी पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकावर सिनेमा काढायचाच हा हट्ट मायकेलचा. विशीतला पोरगा! ‘वन्य प्राण्यांना जागा नाही’ अशा अर्थाचं नाव असलेला तो चित्रपट १९५६ मध्ये आला, बर्लिनच्या महोत्सवात गाजला आणि चक्क चालला. हातात पैसे आले.

आता त्या पैशांचं काय करायचं? बापलेकांनी ठरवलं, टांगानिकात (म्हणजे आजच्या टांझानियात) जमीन विकत घेऊन सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाला जोडायची. तेव्हा तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचे संचालक पीटर मोलॉय यांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. उद्यानाच्या सीमा बदलायचा विचार सरकारदरबारी चालला होता, पण आत प्राणी किती आहेत आणि ते वर्षभर कुठून कुठे जातात हे कुणालाच धड माहीत नव्हतं. तेव्हा जमीन घेण्याआधी मोजणी करा, असा तो सल्ला.

इथून पुढची गोष्ट आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या कामाची आहे. सेरेंगेटी उद्यानाचं आजचं क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. आपला अख्खा बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा. एवढ्या माळरानावर चरणारी, पळणारी, सतत जागा बदलणारी जनावरं मोजायची कशी? आपण प्लेन टेबल सर्व्हेला दोन झाडं आणि एक विजेचा खांब नकाशावर आणताना रडतो! ग्झिमेक पितापुत्रांनी ठरवलं की विमानातून मोजायचं. दोघांनाही विमान येत नव्हतं. मग दोघेही शिकले. वडिलांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं.

त्यांनी घेतलेलं विमान म्हणजे डॉर्निअर डीओ २७. एका इंजिनाचं, छोटं, पण कामाचं. त्याचे पंख केबिनच्या वर असतात, त्यामुळे खिडकीतून खाली पाहताना पंख आड येत नाही. ते अगदी हळू उडू शकतं आणि थोडक्या जागेत उतरतं व चढतं, म्हणजे धावपट्टी नसली तरी सपाट माळ पुरतो. या विमानाला त्यांनी झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवून घेतले. नोंदणीची अक्षरं होती डी-ईएनटीई. त्यातल्या शेवटच्या चार अक्षरांचा जर्मन शब्द होतो ‘बदक’. डिसेंबर १९५७ मध्ये हे पट्टेरी बदक फ्रँकफर्टहून निघालं आणि बापलेक स्वतः उडवत भूमध्य समुद्र ओलांडून, नाईल नदीच्या कडेकडेने सेरेंगेटीला पोचले.

पद्धत म्हटली तर सोपी. जमिनीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यावरून कमी उंचीवर सरळ उडत जायचं आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून मोजत राहायचं. मोठा कळप आला की अंदाज. याशिवाय खाली उतरून त्यांनी जनावरं पकडली, त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे अडकवले, म्हणजे तीच जनावरं पुन्हा कुठे दिसतात ते कळावं. गवताचे नमुने गोळा करून त्यांची तपासणी करून घेतली. एकूण बेरीज आली सुमारे ३ लाख ६७ हजार प्राणी. त्यात विल्डबीस्ट सुमारे ९९ हजार.

आता गंमत बघा. १९६१ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी विमानातून फोटो काढून मोजलं, तर एकटी विल्डबीस्टच अडीच लाखांच्या आसपास भरली. म्हणजे ग्झिमेकांच्या मोजणीत चांगलीच चूक होती. डोळ्यांनी गर्दी मोजताना माणूस नेहमी कमीच मोजतो. व्हायव्हाला असं उत्तर दिलं असतं तर सरांनी उभं-आडवं घेतलं असतं. पण आकडा चुकला तरी त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. एवढ्या मोठ्या उद्यानाची विमानातून पद्धतशीर मोजदाद होऊ शकते हे त्यांनी दाखवलं आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांनी ती सुधारली.

मोजणीपेक्षा महत्त्वाचं निघालं ते कळपांचं फिरणं. पावसाळ्यात हे लाखो प्राणी आग्नेयेकडच्या सपाट माळावर येतात. ज्वालामुखीच्या राखेची ती माती, तिच्यावरचं आखूड गवत कसदार, खनिजांनी भरलेलं, पिल्लं जन्माला घालायला उत्तम. पण पाऊस संपला की तिथे पाण्याचा थेंब राहत नाही. मग कळप पश्चिमेला आणि उत्तरेला, पार केनियाच्या हद्दीपर्यंत जातात आणि पावसाबरोबर परत फिरतात. आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला सिनेमा लागत नाही. दिवाळी झाली की सिरसाळ्याच्या आसपासच्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीला गाड्या निघतात, गावात म्हातारीकोतारी उरतात आणि पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. फरक एवढाच की विल्डबीस्टला मुकादम नसतो आणि उचल फेडायची नसते.

नव्या सीमा आखणाऱ्यांच्या नकाशात नेमका तो आग्नेयेचा माळ उद्यानाबाहेर जात होता. ज्या कळपांसाठी उद्यान, त्यांचं बाळंतपणाचं माहेरच कुंपणाबाहेर! ग्झिमेक यांनी याला विरोध केला. सिनेमा काढून जगासमोर हे मांडायचं ठरलं आणि चित्रण सुरू झालं.

१० जानेवारी १९५९. मायकेल एकटाच विमान घेऊन निघाला होता. हवेत एक गिधाड विमानाच्या पंखावर आदळलं, नियंत्रण बिघडलं आणि विमान जमिनीवर कोसळलं. मायकेल जागीच गेला. वय चोवीस. आपल्यातल्या काही एम.ई. करणाऱ्यांच्या वयाचा.

पक्ष्याची धडक ही आजही विमानशास्त्रातली डोकेदुखी आहे. काचा आणि इंजिनं पास करण्याआधी त्यांच्यावर तोफेसारख्या यंत्राने मेलेल्या कोंबड्या मारून चाचणी घेतात, हे ऐकून आम्ही वर्गात हसलो होतो. ही गोष्ट वाचल्यापासून हसू येत नाही. ज्या प्राण्यांसाठी हा पोरगा तिथे गेला होता, त्यांच्यातल्याच एकाने त्याला खाली आणावं! त्याला तिथेच, न्गोरोंगोरो या विझलेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड विवराच्या काठावर पुरलं आणि वर दगडांचा चौथरा रचला.

वडिलांनी काय केलं? त्यांनी सिनेमा पुरा केला. काही चित्रण ॲलन रूट नावाच्या केनियातल्या तरुणाने केलं, जो पुढे स्वतः वन्यजीवपटांचा मोठा माणूस झाला. त्याच वर्षी, १९५९ मध्येच, ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या अर्थाचं नाव घेऊन चित्रपट आणि पुस्तक दोन्ही आलं. १९६० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. मुलाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत, मुलानेच टिपलेली दृश्यं एडिटिंगच्या टेबलावर पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहताना त्या बापाचं काय झालं असेल, याचा मी फार विचार केला. मला तरी ते जमलं नसतं.

पण ज्यासाठी हा आटापिटा होता ती सीमा मात्र सरकारने आधी ठरवल्याप्रमाणेच बदलली. १९५९ मध्ये न्गोरोंगोरो आणि आग्नेयेचा माळ सेरेंगेटीतून वेगळा काढला गेला आणि उत्तरेला नवा भाग जोडला गेला. वेगळ्या काढलेल्या भागात मसाई लोकांनी गुरांसह राहावं आणि प्राणीही राहावेत अशी व्यवस्था झाली. बदल्यात सेरेंगेटी उद्यानातून मसाईंना बाहेर काढलं गेलं.

इथे माझ्यातला शेतातला आवाज जागा होतो. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्या या लोकांना ग्झिमेक यांच्या मनातल्या उद्यानात जागा नव्हती. राष्ट्रीय उद्यानात माणूस नकोच, मग तो तिथलाच का असेना, हे त्यांचं ठाम मत होतं. जे कळप टिकले ते मसाईंच्या शेजारीच टिकले होते, हा मुद्दा त्यांच्या पडद्यावर फारसा आला नाही. कॅमेऱ्याची चौकट अशी धरता येते की तिच्यात माणूस दिसतच नाही. आपल्याकडेही नकाशावर रेघ ओढताना असंच झालं. सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. लोक वैतागले, खटले चालले, पुढे ते क्षेत्र कमी करत करत १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक मात्र आता तिथे दिसेनासा झालाय.

तरीही ग्झिमेक यांना नुसतं दोषी ठरवून मोकळं होता येत नाही. ते पशुवैद्य होते आणि सेरेंगेटीतलं सगळ्यात मोठं औषध पशुवैद्यकातूनच आलं. विल्डबीस्टचा खरा शत्रू सिंह नव्हताच, तो होता बुळकांडी! आपल्या आजोबांच्या पिढीला हा शब्द माहीत आहे, या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत शिरला, भारतातून नेलेल्या गुरांमुळे असंही मानलं जातं. मसाईंची गुरं गेली, माणसं उपाशी मेली आणि जंगली कळपही गेले. १९५० आणि ६० च्या दशकांत उद्यानाभोवतालच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या, आणि गुरांतून रोग जाताच तो जंगलातूनही गेला. विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर पोचली! शेतकऱ्याच्या गाईला दिलेली लस जंगलातल्या जनावराला वाचवते, हे मला सगळ्या सिनेमांपेक्षा भारी वाटतं. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं.

इकडे ग्झिमेक जर्मनीत घराघरात पोचले होते. १९५६ पासून त्यांचा टीव्हीवर कार्यक्रम सुरू होता, तो थेट १९८७ पर्यंत चालला, पावणेदोनशेच्या आसपास भाग झाले. तेव्हा तिथे सुरुवातीला एकच चॅनेल. आपल्याकडे रामायणाच्या वेळी रस्ते ओस पडायचे म्हणतात, तसा काळ. हा माणूस सूट घालून शांतपणे टेबलाशी बसणार आणि टेबलावर कधी माकड, तर कधी शेजारी चित्ता! (चित्त्यावरून आठवलं, आफ्रिकेचे चित्ते महाराष्ट्रात फार पूर्वी येऊन गेलेत. कोल्हापूर संस्थानात ते आणत, पण शिकारीसाठी.) कार्यक्रमात ते मदतीसाठी आवाहन करत आणि पैशांचा ओघ लागे. एकदा त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहलीची माहिती देऊन टाकली. अशी सहल कुठल्याच कंपनीकडे नव्हती! लोकांनी चौकशांचा मारा केला आणि कंपन्यांना ती काढावी लागली. प्राणी बघायला पाहुणे आले की नव्या देशाला प्राणी राखणं परवडेल, हा त्यांचा हिशोब. १९६१ मध्ये स्वतंत्र झालेल्या टांगानिकाच्या नेत्यांशीही त्यांनी चांगले संबंध ठेवले, गोऱ्यांचं राज्य गेलं की प्राणी संपतील असं म्हणणाऱ्यांत ते नव्हते.

ते इतके प्रसिद्ध झाले की लोरिओ नावाच्या विनोदवीराने १९७६ मध्ये त्यांची नक्कल करून दगड खाणारी ऊ शोधून काढली. ही ऊ पुढे एका प्रतिष्ठित जर्मन वैद्यकीय शब्दकोशात गंमत म्हणून छापली गेली. आपल्या सिव्हिल विभागाने या किड्याचा अभ्यास करावा.

त्यांचे बाकीचे उद्योग मोजायला गेलो तर अंकाची पानं संपतील. तेरा खंडांचा प्राणिकोश, बिबट्याच्या कातड्याच्या कोटांविरुद्ध मोहीम, १९७० ते ७३ या काळात सरकारचे निसर्गरक्षण आयुक्त आणि मग वैतागून राजीनामा. जिथून सुरुवात केली होती त्या कोंबड्यांकडेही ते परत आले, अरुंद पिंजऱ्यांत कोंबून अंडी काढण्याविरुद्ध ते कडाडून बोलले. घरच्या आयुष्यात वादळं होती. पहिलं लग्न मोडलं आणि १९७८ मध्ये त्यांनी मायकेलच्या विधवा पत्नीशी लग्न केलं, त्यावर बरीच चर्चा झाली.

१३ मार्च १९८७ रोजी फ्रँकफर्टमध्ये ते लहान मुलांना घेऊन सर्कस बघायला गेले होते. वाघांचा खेळ चालू असताना खुर्चीतच त्यांचा मृत्यू झाला. अस्थी टांझानियाला नेऊन मायकेलच्या शेजारी पुरल्या.

ती जागा न्गोरोंगोरोच्या काठावर आहे. म्हणजे उद्यानातून वेगळ्या काढलेल्या, जो निर्णय ग्झिमेक यांना कधीच पटला नाही त्या भागात. तिथे मसाईंची गुरं आणि जंगली प्राणी साठ वर्षांहून जास्त काळ एकाच परिसरात चरत आले आहेत. २०२२ पासून तिथलं सरकार मसाईंना तिथून हलवून दूर म्सोमेरा नावाच्या गावी वसवतंय आणि त्यावरून भांडण पेटलं आहे. सरकार म्हणतं माणसं आणि गुरं फार वाढली, मसाई म्हणतात जमीन आमची आहे. सेरेंगेटीला जाणारा रस्ता त्या दोन कबरींच्या जवळूनच जातो.

– तृतीय वर्ष, यंत्र विभाग (मु. पो. सिरसाळा, जि. बीड)